पद्माच्या वेल्डिंगवरची लाल रेघ

रवि. २ फेब्रु.
म्हैस पडली. म्हैस म्हणजे सु.ची जीप. काळी, अडेल, आमच्या संसारातली थोरली. शहराबाहेर, कोवलमच्या पुढे जीपवाल्या टोळीबरोबर हुंदडायला गेला आणि दुसऱ्याच्या जीपला बांधून परत आला. गिअरबॉक्सचं ॲल्युमिनियमचं केसिंग दगडावर आपटून तडकलंय. बोल्टच्या भोकापासून बेअरिंगच्या बैठकीकडे, चार बोटं लांब. तेल सगळं वाळूत. मी वाकून पाहिलं, म्हटलं नवीन घे. "या मॉडेलचं मिळत नाही गं मंजू." चेहरा असा, जणू घरात कुणी गेलंय. ८ मार्चला टोळीची घाटातली मोठी ट्रिप आहे. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. एक शनि-रवि तरी घरात दिसेल.

मंगळ. ४
सु.ला वेल्डर मिळाला, अंबत्तूरला. "मिळाला नाही, मिळाली! पद्मा. आणि ऐक, मराठी बोलते. तंजावरची."
जेवताना तेच. पद्मा म्हणाली, ॲल्युमिनियम तेल पितं, आधी तापवून ते बाहेर काढावं लागतं. पद्मा म्हणाली, तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडायचं, म्हणजे तडा पुढे पळत नाही. अरे बाबा, मी नऊ वर्षं कास्टिंगच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. हेच मी लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगत होते तेव्हा तू मोबाइल बघत होतास!
नको म्हणाला तरी भात वाढला. खाऊ दे.

शनि. ८
हट्टाने बरोबर गेले. बघू तरी कोण ही.
तिशीची. सावळी, उंच, केस फडक्यात बांधलेले, दंडावर ठिणग्यांचे डाग. लग्न नाही. दुकान वडिलांचं, त्यांनीच शिकवलं. अप्पांचे हात आता थरथरतात, म्हणून ते दाराशी खुर्चीत बसून तिचं काम बघतात. तोंडाने नुसतं "हं" किंवा "हंहं". एवढ्यावर तिला कळतं.
"या अक्का, बसा. अस्कं धुऊन ठेविलं आहे."
अस्कं म्हणजे काय, मी सु.कडे पाहिलं. "सगळं," म्हणाला. चार दिवसांत शिकलासुद्धा! लग्नाला सात वर्षं झाली, माझ्या आईची कोल्हापुरी कळत नाही म्हणतो.
काम मात्र… जाऊ दे. लिहितेच. तडा किती स्वच्छ कोरून काढलाय. आमच्या कारखान्यातल्या दहा जणांना जमणार नाही. जीव जळला.

बुध. १२
सु. ऑफिसातून परस्पर अंबत्तूर. सलग तिसरा दिवस. इस्त्रीचा शर्ट. वेल्डिंगच्या दुकानात इस्त्रीचा शर्ट कोण घालतं?
विचारलं तर, "तुला ना, सगळ्यात खोट दिसते." नोकरीच ती आहे माझी. दिवसभर दुसऱ्याच्या कामातली खोट शोधायची. कॉलेजात मला वेल्डिंगच करायचं होतं, हात बरा होता. बाबा म्हणाले, मुलीच्या जातीला तपासणीचं काम बरं, पंख्याखाली. बसले पंख्याखाली.
त्याचं तिच्याशी काही आहे असं नाही. तेवढं कळतं मला. तो तिच्या हातांकडे बघतो. पण तसं माझ्या कशाकडे कधी बघितलं नाही, ते काय कमी आहे?

शनि. १५
वेल्डिंग झालं. तपासायला पद्मानेच बोलावलं. "तुमच्याकडे तो तडा दाखवणारा रंग आहे म्हणे, पाहून द्याल का अक्का?" पेटी घेऊन गेले.
तांबडा रंग फवारला. मुरायला पंधरा मिनिटं दिली. तेवढ्यात हा काय करतोय? तिचा वेल्डिंगचा गॉगल स्वतःच्या रुमालाने पुसून देतोय. नीट, काठाकाठाने. आणि अप्पांना सांगतोय, "हात काय आहे हो हिचा! सोनाराचा हात."
मी वरचा रंग पुसला. पांढरा फवारा मारला. तडा राहिला असेल तर आतला रंग पांढऱ्यावर उमटतो, तेवढीच परीक्षा.
तांबडं उमटलं. रेघ.
तिघंही माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "आहे. तडा आहे."
पद्माचा चेहरा उतरला. सु.चा त्याहून. अप्पा खुर्चीतून म्हणाले, "हंहं." तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अक्का म्हणतात ना. फोडते मी वेल्डिंग, परत करते."
परतताना सु. म्हणाला, "तू होतीस म्हणून. नाहीतर घाटात गेलो असतो." पूर्ण रस्ता माझा हात धरून होता.

रवि. १६
तडा नव्हता.
वेल्डिंगच्या लाटांमधल्या खाचांत रंग अडकतो. नीट नाही पुसला तर तोच वर येतो, पसरट, फिकट. तड्याची रेघ बारीक आणि धारदार असते. शिकाऊ पोरीलाही ओळखता येतं. शंका आली तर सगळं धुऊन परत करायचं हा नियम मीच भिंतीवर लावलाय.
मी मुद्दाम कमी पुसला का? माहीत नाही. देवाशप्पथ माहीत नाही. तो गॉगल पुसत होता आणि माझा हात भराभरा चालला. पण रेघ बघताच कळलं होतं, खोटी आहे. ते मात्र माहीत होतं. तरी "आहे" म्हटलं.
तिने चांगलं काम फोडायला घेतलं असेल. आज रविवार, उद्या घेईल. फोन करू का?
नाही केला.

गुरु. २०
सु. जिकडेतिकडे सांगत सुटलाय. टोळीत, गावी आईला, लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या मामींना. "मंजूच्या नजरेतून काही सुटत नाही." सासूबाईंनी स्वतःहून फोन करून कौतुक केलं. सात वर्षांत पहिल्यांदा.
काल संध्याकाळी माझ्या कामाबद्दल विचारत बसला. खराखुरा, मोबाइल खाली ठेवून. मी तासभर बोलले. किती बरं वाटलं, काय सांगू.

शनि. २२
झालं ते वाईट झालं. पद्माने दुसऱ्यांदा वेल्डिंग केलं. यावेळी मी पुसून पुसून तपासलं, एकदम स्वच्छ. पण दोनदा तापल्यामुळे बेअरिंगची बैठक ओढली गेली. बेअरिंग दाबून बसायला हवं, ते बोटाने आत गेलं. खुळखुळ वाजत होतं.
सु. तिच्या तोंडावर काही बोलला नाही. टॅक्सीत म्हणाला, "उगाच डोक्यावर घेतलं तिला. काही नाही हातात." हेच ऐकायला मी तीन आठवडे तडफडत होते ना? ऐकलं. आणि काच खाली करून बाहेर बघत बसले.
अप्पांची खुर्ची रिकामी होती आज. तब्येत बरी नसेल.

सोम. २४
सु.ने टोळीच्या ग्रुपवर टाकलं. मला वाचून दाखवलं वर. "अंबत्तूरच्या त्या दुकानात ॲल्युमिनियमचं काम देऊ नका. आपलं केसिंग गेलं." खाली अंगठे, रडके चेहरे. दोघांनी लिहिलं, आम्ही देणार होतो, आता नाही.
मी म्हटलं, "एवढं कशाला लिहायचं?"
"अगं, तूच पकडलंस की!"
पुढं बोलायला तोंड उघडलं. दूध उतू गेलं तिकडे धावले. खोटं कशाला, दूध नसतं उतू गेलं तरी मी गेलेच असते.

बुध. २६
पद्माचा फोन, दुपारी, माझ्या ऑफिसच्या वेळेत.
"अक्का, मी बैठक लेथवर कातून आत बुश बसवून देते. बसेल नीट. फक्त तुम्ही येऊन पाहा. दुसऱ्या कुणाचं मला नको, तुम्ही खरं ते सांगता."
मी हो म्हटलं. मग बाथरूममध्ये जाऊन रडले. तिचा रागच येत होता अजून, तेच कळेना. माझ्यावर एवढा भरवसा कशाला ठेवते ही बया!

शनि. १ मार्च
एकटीच गेले. सु.ला टी. नगरला खरेदीला जाते सांगितलं.
केसिंग टेबलावर, शेजारी बुशचं नवं कडं. तिने कॉफी मागवली. मी कपाला हात न लावता सांगितलं. पहिल्या वेळी तडा नव्हता. मला दिसत होतं. तरी आहे म्हटलं.
बुश बोटांत फिरवत म्हणाली, "मला पण वाटलं होतं, रंग पुसायचा राहिला. पण तुम्ही शिकलेल्या, कंपनीतल्या. माझाच डोळा चुकतो म्हटलं."
"का केलं मी, ते…"
"ते नका सांगू." फडक्याने हात पुसत राहिली. "अप्पा हंहं म्हणाले होते. फोडू नको म्हणाले. मी त्यांना काय बोलले, ठाऊक आहे? तुम्हाला आता दिसत नाही, गप बसा. तेव्हापासून दुकानात येत नाहीत. घरात भिंतीकडे तोंड करून बसतात."
मी म्हटलं, मी येते घरी, पाया पडते त्यांच्या.
"त्यांना मी सांगेन. तुम्ही तुमच्या घरी सांगा." केसिंगवर गोणपाट टाकलं. "तुमचे ते येऊन म्हणतील, पद्मा, तुझं वेल्डिंग चांगलं होतं. मग हात लावीन याला. त्याआधी नाही."
ओरडली असती तर बरं झालं असतं. कॉफी तशीच राहिली.

रवि. २ मार्च
सकाळपासून तीनदा "ऐक ना" म्हटलं. तीनदा तो लगेच थांबला, माझ्याकडे वळून, सगळं सोडून. आधी असं कधी थांबायचा नाही. मी एकदा चहा विचारला, एकदा गॅस संपत आलाय सांगितलं, एकदा काहीच नाही म्हटलं.
सांगितल्यावर ग्रुपवर लिहील का? लिहायलाच हवं. बायकोने खोटं सांगितलं, हे सगळ्यांसमोर. आणि मग माझ्याकडे कसा बघेल?
पद्मा आज रविवार असून दुकान उघडून बसली असेल. गिऱ्हाईक येतंय का बघत.
आता तो बाल्कनीत आहे, फोनवर, भावाशी बोलतोय. मला इथे ऐकू येतंय. "मंजूला दाखव रे आधी, ती बघेल." हसतोय. फोन ठेवला की सांगायचं. अजून बोलतोय. बोलू दे.