गोठ्यातला कप

आप्पा, आज दवाखान्यात एक बाप आला होता. थेट तुमचीच आवृत्ती. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, बाहेर नवी गाडी, आणि मागे हाडं वर आलेली नववीतली मुलगी. तिला टीबी आहे म्हटल्यावर त्यानं आधी दार लोटून घेतलं, मग हळूच म्हणाला, "मॅडम, आमना घरमा हाऊ रोग येत नही. पहाडवरना मजूर कापूस येचाले येतस, तेस्नाच शे." मला हसू आलं. तेच वाक्य, तोच तोरा. तुम्ही जाऊन एवढी वर्षं झाली, पण तुमचा अडाणीपणा अजून पांढरे शर्ट घालून हिंडतोय.

मीही नववीतच होते. रोज संध्याकाळी ताप, मानेला गाठी, भाकरीचा वासही नको झालेला. शहाद्याच्या डॉक्टरांनी रोगाचं नाव घेतलं तेव्हा त्यांनी शिवी दिल्यासारखे तुम्ही बघत राहिलात. घरी आलात ते थेट गोठ्यात. तिथं देवळीत सालदाराचा जर्मनचा कप असायचा. त्यात चहा वरून ओतायचा, कप त्याचा त्यानं धुवायचा. एवढं सोवळं पाळूनही रोग घरात शिरला, म्हणून तुम्ही तो कप उकिरड्यावर भिरकावलात आणि सालदाराला बायकोपोरांसकट हाकललंत. मी ओट्यावरून बघतेय, त्याची बायको गोधड्या बांधतेय. अक्षय तृतीयेची आखाजी अजून लांब होती. सालदाराचं साल आखाजीला संपतं, मधेच काढलेल्या माणसाला कोणी दारात उभं करत नाही, हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. तो माणूस आपल्याकडं कधी खोकलासुद्धा नव्हता, आप्पा. खोकत होतात तुम्ही.

झोपाळ्यावर मला खेटून बसवायचात, पेपर वाचून दाखवायचात आणि ओळीओळीला खोकायचात. आई काही बोलली की "तमाखूना खोकला शे" म्हणून तिचं तोंड बंद. लेकरू आजारी पडलं की त्याच्या उशाशी कोण खोकतंय ते आधी शोधायचं, हे आज माझ्याकडच्या नवख्या नर्सलाही कळतं. डॉक्टरांनी तुम्हाला बेडका तपासायला द्या म्हणून किती विनवलं. तुम्ही म्हणालात, मी काय मजूर आहे? माझ्या गोळ्याही तुम्ही पिठाच्या डब्यात लपवल्यात, सोयऱ्यांत बोभाटा नको म्हणून. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून. मी बरी झाले. तुमच्या रुमालावरचं रक्त आई गुपचूप धूत राहिली, आणि तेराव्याला आलेले सगळे दमा दमा म्हणत पोटभर जेवून गेले.

आजच्या बापाला मी विचारलं, घरात खोकतं कोण? तो छताकडं बघायला लागला. मुलगीच बोलली, "आबा खोकतस. मी तेस्ना जोडे झोपस." घरात तिचा लहान भाऊही आहे, अजून बालवाडीतला. म्हातारा तपासला नाही तर उद्या तोही इथं येईल, हे मी बापाला स्पष्ट सांगितलं. तर म्हणे, गावात तोंड कसं दाखवायचं? मग मात्र तुम्हाला इतकी वर्षं मनातल्या मनात जे बोलत आले, ते सगळं त्याला ऐकवलं.

दुपारी म्हातारा आला. नातीपासून मुद्दाम लांब, तोंडाला उपरणं बांधून. बेडक्याची डबी मागून घेतली, मागच्या अंगणात उन्हात जाऊन भरून आणली. मग विचारलं, "पोरले मन्हामुये व्हयनं का?" मी म्हटलं, अजून माहीत नाही बाबा, पण तुमच्यामुळं झालं असलं तरी दोघंही बरी व्हाल, आणि लहानग्याला रोग होऊ नये म्हणूनही औषध आहे. तो बाकावर बसून रडायला लागला. नात लांबूनच म्हणत होती, "आबा, उगा ऱ्हा."

हे तुम्हाला पोचणार नाही, आणि पोचलं असतं तरी तुम्ही पिठाच्या डब्यातच लपवलं असतं. यातला एक शब्दही मी मागं घेत नाही. फक्त एवढं सांगते. तो म्हातारा तिच्यासाठी नुसता डबीत थुंकायला आला, आणि मला त्या पोरीचा हेवा वाटला.