देव्हाऱ्यातलं सिलिंडर

फुनाबोरी, तोक्यो
३० ऑगस्ट

तीर्थरूप बाबा,
साष्टांग नमस्कार. आम्ही तिघंही सुखरूप आहोत, हे आधी वाचा.

मागच्या सुट्टीत मी तुमच्या देव्हाऱ्यातलं उदबत्तीचं घर न विचारता उचलून आणलं होतं. तुमच्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानातलं भंगार, रिव्हॉल्व्हरचं नुसतं सिलिंडर, काडतुसांच्या भोकांत उदबत्त्या छान उभ्या राहायच्या. त्यात काय एवढं, असं वाटलं.

परवा खालच्या मजल्यावरचे मोरिता-सान गणपतीच्या दर्शनाला आले. ते निवृत्त पोलीस. हात जोडून वाकले ते वाकलेलेच राहिले, आणि नजर मूर्तीवर नव्हती. इथे असा सुटा भागसुद्धा हत्यारच धरतात. मोदक ताटात राहिले आणि आम्ही पोलीस स्टेशनात.

घाबरू नका. सगळे अदबीने बोलले, चहाही दिला. चौकशी चालू आहे, अवधूतने वकील पाहिलाय. नुपूर लहान आहे, तिला काही सांगितलेलं नाही.

पण पोलिसांच्या तज्ज्ञाने ते सिलिंडर भिंगाखाली धरलं आणि म्हणाला, "भोकं मुद्दाम वाढवलीत, फारशा न मिळणाऱ्या, जास्त दारूच्या एका मॅग्नम काडतुसासाठी. बार उडवताना धातू इथे फाटलाय. धरणाऱ्याची बोटं वाचली नसणार."

तुमची दोन बोटं लेथमध्ये गेली, हेच ऐकत मी मोठी झाले. त्या उदबत्तीपुढे तुम्ही रोज इतका वेळ का बसायचात, ते आत्ता कळलं.

आईचे गुडघे कसे आहेत? तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो, म्हणून कागदावर विचारते. तिला अजून लेथच माहीत आहे ना?

तुमची
सुरुची