खचदरीतला ओढा

बाबा, आज नववीला खचदरी शिकवली आणि घरी येऊन पहिलं हाताला लागलं ते ताट आपटलं. तुझ्यावरचा राग दरवर्षी याच धड्याला वर येतो. मी फळ्यावर दोन डोंगररांगा काढते, मधे खोल दरी. सांगते, जमीन दोन्हीकडून ताणली की मधला पट्टा खचतो, मृत समुद्राकडे तर तो समुद्रसपाटीच्याही खाली गेलाय. समुद्रावरची वाफ अलीकडच्या डोंगरावरच पाऊस होऊन सांडते आणि पलीकडे उतरणारा वारा तापत, सुकत जातो, म्हणून दरी कोरडी. पोरं उतरवून घेतात. त्या दरीत खजुराच्या बागेत माझा बाप कामाला होता, हे शहापुरातल्या या शाळेत मी कुणाला सांगितलेलं नाही.

कशाला गेलास? कोठीत भात होता, गोठ्यात म्हैस होती, आई नको म्हणत होती. मुरबाडच्या स्टँडवर कुणी एजंट भेटला आणि तुला एकाएकी जग बघायचं झालं. "दोन वर्सं गो, जातो नि येतो," म्हणालास. आलास तो पेटीतून.

आणि खरा राग कशाचा ते सांगू? सातवीत असेन, सिद्धगडाखालच्या ओढ्यात खेळत होते. लख्ख ऊन होतं. तू धावत आलास, दंडाला धरून बाहेर ओढलंस आणि कानाखाली वाजवलीस. "वर बघ. गडावर काळं झालंय. ओढ्यात उतरायच्या आधी वर बघायचं, किती टाइम सांगू तुला?" मी काठावर रडतेय तोवर लाल पाणी आलं आणि माझी चप्पल घेऊन गेलं. मला हे मारून शिकवणारा तू, तिकडे दुपारची भाकर खाऊन कोरड्या नदीच्या पात्रात, दरडीच्या सावलीला निजलास. भाजलेल्या जमिनीत पाणी मुरत नाही, लांबचा पाऊस धो धो खाली येतो, तसा आला आणि तुला घेऊन गेला. मला शिकवलंस आणि स्वतः वर बघितलं नाहीस, हेच मी इतकी वर्षं घोकत आले.

परवा तुझ्याबरोबर गेलेला काका घरी आला. मी त्याला टाळतच होते. चहा देताना मात्र फाडकन विचारलं, निजायच्या आधी बाबाने वर का नाही बघितलं?

त्याने बशी खाली ठेवली. "बघितलं ना गो. उभा राहून चारी बाजू बघितलं त्यानी. मी हसलो पन त्याला. आभाळ कोरडं ठाक. पाऊस पडला कड्याच्या पार मागं, तो खालून दिसतो का?"

आपल्या ओढ्यातून सिद्धगडाचा माथा दिसतो. तिकडे त्या कोरड्या पात्राच्या दोन्हीकडे उभे कडे, आणि पाऊस त्यांच्यामागच्या पठारावर. तळाला उभ्या राहिलेल्या माणसाने कितीही मान वर केली तरी काही दिसणार नाही. तुला नेणाऱ्यांनी हे सांगायला नको होतं?

काकाचाही राग आला. हे आता कशाला सांगितलं त्याने? हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक कबूल करते. मला तुझी चूक हवी होती, बाबा. तेवढ्यावरून तुझ्याशी रोज भांडता येत होतं.