चाचींची डावी बाजू

४ नोव्हें. २००१
दु. शमीमचा फोन इंग्लंडहून. हमीदाचाचींकडे फोन नाही, त्यामुळे लेकीशी बोलायला दर रविवारी चारला शेजारून आमच्याकडे येतात. आज भांडणच झालं. चाची, "मला दिसत नाय गो, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनला तू ये." तिकडून शमीमचा आवाज मला इथे ऐकू येत होता, "अम्मी, तू दरवेळी कायतरी काढतेस." चाचींचा मुलगा जहाजावर, मेपर्यंत यायचा नाही. दवाखान्यात नाव लिहिलेलं आहे, पण चाचींना एकटीने तिथे जायचं नाही म्हणजे नाही.
जाताना एक पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. शमीमचं कार्डिगन. पाठ झालीये, ती गेल्या वर्षीची, डोळे ठीक होते तेव्हाची. पुढची डावी बाजू परवा कशीबशी संपवली. "उजवी आणि बाह्या तू कर बाय. शमीम थंडीत मरते तिकडे."
रत्नागिरीत स्वेटर! हे हसले. घामाने लोकर हाताला चिकटते.

११ नोव्हें.
सुरुवात. नेहमीचा क्रोशा नव्हे हा. हातभर लांब सुई. जाताना अख्ख्या ओळीचे टाके सुईवर गोळा करायचे, येताना एकेक सोडत यायचं. काम उलटायचं नाही, तोंड कायम आपल्याकडे. चाचींना त्यांच्या मिस्टरांनी बोटीवरून आणलेली सुई, वापरून गुळगुळीत झालेली.
नक्षी त्यांचीच, चौकटीच्या कागदावर काढलेली. हिरव्यावर निळ्या होड्या, पांढरी शिडं. दोन्ही बाजूंच्या होड्यांची तोंडं बटणपट्टीकडे.
चाची म्हणाल्या, "आधी कागदावर उलटं काढून घे हो. मग विण."
मी म्हटलं, "चाची, बावीस वर्षं शाळेत हस्तकला शिकवतेय." जरा जोरातच म्हटलं.

२ डिसें.
पुढचा उजवा भाग संपला. काय सुरेख झालाय! टेबलावर चाचींच्या भागाशेजारी मांडला.
दोन्ही डावे.
दोन्हींच्या गळ्याचा उतार एकाच बाजूला, सगळ्या होड्या एकीकडेच चालल्यात. साध्या क्रोशाला दोन्ही अंगं जवळजवळ सारखी, पालथा घातला की डाव्याचा उजवा होतो. माझ्या डोक्यात तेच. ह्याची पाठ अगदी वेगळी, नुसते गोळे गोळे. पालथं घालायची सोयच नाही.
पाचवीतल्या मुलीने ही चूक केली असती तर वर्गासमोर उभी केली असती मी. केल्याही आहेत.
तिसऱ्याला पुरेल एवढी लोकर नाही. ती शमीमने पाठवलेली, इथे मिळायची नाही. एक उसवायलाच हवा.

३ डिसें.
केलं. लिहायला लाज वाटते, पण इथे नाही तर कुठे लिहू.
दोन्ही खिडकीशी नेऊन पाहिले. चाचींच्या वरच्या चार होड्या हिरव्याच, हिरव्यावर हिरव्या, त्यामुळे नुसती शिडं तरंगतायत. खाली एका ओळीत टाके गळलेत. माझा एकदम स्वच्छ. म्हटलं, एक जाणारच तर चुकलेला जाऊ दे. शमीमला चांगली वस्तू मिळेल. माझाच चाचींचा डावा म्हणून जाईल, कोणाला कळणार?
खरं कारण ते नाही. माझं उसवायला हात होईना. तीन आठवड्यांचं माझं सुरेख काम.
चाचींचं काम उसवायला तासही लागला नाही. घट्ट हात त्यांचा, लोकर वेडीवाकडी कुरळी निघाली. धुऊन वाळत टाकली, तीही मागच्या दोरीवर. पुढच्या दोरीवर चाचींना दिसली असती म्हणून. त्यांना कुठलं दिसायला!

१९ डिसें.
परवा ईद झाली. आज चाची शीरखुर्मा घेऊन आल्या. उजवा भाग संपतच आलाय, ह्या वेळी कागदावर उलटं काढून घेतलं, मुकाट्याने.
त्यांनी दोन्ही भाग मांडीवर घेतले, बोटांनी चाचपले. डाव्यावर बोटं थांबली.
"ही माझी ना गो?"
"हो."
"सैल लागते."
"धुतली ना, म्हणून."
किती पटकन सुचलं मला.

६ जाने. २००२
सगळे भाग जोडले, बटणं लावली. दाभोळचा कोणी ओळखीचा मंगळवारी इंग्लंडला निघालाय, त्याच्याबरोबर जाणार. चाचींनी सोबत सुकट आणि फणसपोळी बांधलीये.
आज गाठी मारताना त्या शेजारीच बसलेल्या. म्हणाल्या, "माझ्या बाजूला चुका असतील, हो ना? तू काय बोलली नायस, चांगली पोर. मला ठाऊक आहे. वरच्या होड्यांना रंगच कळेना. राहू दे. शमीमला बघू दे. फोनवर सांगून पटत नाय तिला, हे बघून पटेल. पळत येईल."
तेव्हा बोलायचं होतं. दोन दिवस हातात होते. मी काय म्हटलं? "गाठ आतून मारू का बाहेरून?"

८ जाने.
पार्सल गेलं. चाची फाटकापर्यंत गेल्या, दाभोळवाला गेल्यावरही उभ्या होत्या.

२७ जाने.
आजचा फोन आधी मीच उचलला. शमीम खूश. "मावशी, काय झालंय हो कार्डिगन! अम्मीची डावी बाजू ना? एक टाका चुकलेला नाही. आणि म्हणे दिसत नाही! मी तर घाबरून तिकीट बघत होते. आता जुलैच्या शेवटी येते आरामात, पोरांना सुट्टी लागली की."
मी "हं" म्हटलं. फक्त "हं". मग चाचींना रिसीव्हर दिला.
फोन ठेवल्यावर त्यांनी मला विचारलं, "एक पण चूक नाय म्हणते. खरं काय गो?"
मी चहा ठेवायला आत गेले. माझ्यासारखी भित्री बाई दुसरी नसेल.

३० जाने.
ह्यांना सांगितलं सगळं. म्हणाले, "जाऊन सांग, दोन मिनिटांचं काम आहे." ह्यांना सगळीच कामं दोन मिनिटांची. दोनदा फाटकाशी जाऊन परत आले.

२ फेब्रु.
स. चाची स्वतःच आल्या. भिंतीला हात लावत लावत. चेहरा असा खुललेला, कधी पाहिला नव्हता इतक्यात.
"वैजू, ऑपरेशन नको म्हणून कळवलं मी दवाखान्यात. शमीम म्हणते एक टाका चुकला नाय. म्हणजे दिसतं की मला! उगाच घाबरले. म्हातारपणी मन असं करतं."
मी म्हटलं, "चाची, तसं नाही."
"बघ तर," म्हणून पदराआडून काढलं. मी सुईबरोबर परत दिलेल्या उरल्यासुरल्या लोकरीचं काम. शमीमच्या मुलीसाठी, पाठीची सुरुवात. पाच दिवस विणतायत.
टाके कुठे दोन एकात, कुठे गळलेले. कडा शिंपल्यासारखी वळलेली. होडी कुठली, पाणी कुठलं, काही कळत नव्हतं.
"बरोबर आहे ना गो?" माझ्या तोंडाकडे बघत होत्या, म्हणजे तोंड असेल तिथे.
मी म्हटलं, "इथे ठेवून जा, नीट बघते." त्या हसल्या. "बघ, बघ. बाई आहेस तू शाळेची."
सं. हे विचारत होते, "उसवून देणार का नीट करून?"
नाही. ह्याचा एक टाका मी हलवणार नाही.
उद्या रविवार. चारला फोन येईल, त्याआधी चाची येतील. तुकडा फोनशेजारी ठेवलाय. शमीमला सांगायचं ते पाठ केलंय, तीन वाक्यं आहेत. चाचींना सांगायचं पहिलं वाक्यच अजून जुळत नाही. आणि शमीमच्या आधी ते त्यांनाच सांगायला हवं.