पुढचं दार

प्रिय चिमे,

माझ्यासाठी खोली रंगवलीस, पडदे लावलेस, आणि महिना झाला तरी आईचं पत्र नाही म्हणून फुगून बसली असशील. फुग खुशाल! लहानपणी फुगलीस की बाबा तुला संग्रहालयात न्यायचे, त्या नाक तुटलेल्या राजाला भेटायला. पुढे शाळेत राजेरजवाड्यांचा धडा आला की तुझा हात सगळ्यांत आधी वर. सगळे म्हणायचे, पोरगी हुशार. होतीसच गं, पण तुझी त्या राजाशी आधीपासूनची ओळख होती, हेही खरं.

गेल्या आठवड्यात माझ्या सातवीला तिथेच घेऊन गेले. तिकिटं काढून मागे वळते तो एकही पोर जागेवर नाही. शोधत मागच्या बाजूला गेले, तर कचऱ्याच्या डब्यांपाशी, कामगारांच्या दारासमोर सगळी शहाण्यासारखी रांग लावून उभी. आमची पिटुकली उलट मलाच दटावते, "बाई, कुठं हरवलात? दार इकडं आहे." तिची आई तिथे झाडलोट करते, आणखी काहींच्या आया उपाहारगृहात भांडी घासतात. त्यांना डबा द्यायला पोरं येतात ती याच दाराशी. मला आधी हसू फुटलं, मग रडूच आलं. सगळ्यांना वळवून पुढच्या दाराने आत नेलं. पहिल्याच दालनात पिटुकली ओरडली, "हा तर आईचा राजा! ती रोज पुसते याला." मग राजा कुठला, नाक कुणी तोडलं, का तोडलं, प्रश्नांनी पहारेकऱ्याला भंडावून सोडलं.

आणि हेडसर म्हणतात, पुढच्या वर्षी या तुकडीचा इतिहासाचा तास गणिताला देऊ. यांना इतिहास काय करायचाय, पोटापाण्याचं बघायला हवं. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, गणित शिकवाच, पण माझ्या तासाला हात लावलात तर गाठ माझ्याशी आहे. ते गालातल्या गालात हसले. तुम्ही तर निवृत्त होताय, मग शिकवणार कोण?

म्हणून हे पत्र, बाळा. मी येत नाही, निदान आणखी दोन वर्षं तरी. मुदतवाढीचा अर्ज दिलाय, इतिहासाचा तास राहील या अटीवर. सर कुरकुरले, पण सही केली. रागाव हवं तर, पडदे मात्र काढू नकोस, सुटीत येईन. येत्या शनिवारी आम्ही पुन्हा संग्रहालयात जातोय. तिकिटं पिटुकली काढणार आहे, त्यातलं एक तिच्या आईचं. इतकी वर्षं तिथे राबून ती माउली पुढच्या दाराने पहिल्यांदाच आत जाणार आहे.

तुझीच,
हट्टी आई