रजनीचं चित्र

मुकुटबन, १२ नोव्हेंबर २००६

पोचलो एकदाचा! एसटीनं हाडं खिळखिळी केली, पण रंगपेटी शाबूत आहे. जन्मभर बांधकाम खात्यात पुलांचे नकाशे काढले. आता गावोगाव फिरायचं, उघड्यावर बसायचं आणि डोळ्यांना दिसेल ते रंगवायचं. खोली जैबुनबींच्या घरात मिळाली. बाईंनी आल्याआल्या विचारलं, बाबूजी, एकटेच काहून आले? बायको मागच्या वर्षी गेली, म्हटलं. त्या चहा ठेवायला उठल्या.

बेत दोघांचा होता. मी रंगवायचं, रजनीनं शेजारी बसून खोड्या काढायच्या. निवृत्त झालो त्याच आठवड्यात पहिलंवहिलं रंगीत चित्र काढलं, ते तिचंच. आधी पेन्सिलीनं चेहरे खरडायचो तेव्हा, तुमाले ओठच काढता येत नाही, म्हणून चिडवायची. त्या चित्रात मात्र ओठ साधले. दुसऱ्याच दिवशी ती गेली, बसल्या जागी. तेव्हापासून कुंचल्याला हात लावला नव्हता. चित्र पिशवीत बरोबर घेऊन फिरतो, पण उघडून बघवत नाही.

१४ नोव्हेंबर

काल जैबुनबींचं शेत रंगवलं. बोंडांनी लगडलेली कपाशीची हिरवीगार पराटी, चित्र फक्कड जमलं. आज त्यांचा मुलगा अय्याज तोंड पाडून आला. सारं शेत एका रात्रीत लाल पडून वाळलं. लाल्या रोग आला, म्हणाला. यंदा आधीच कापसाला भाव नाही, त्यात हे. शेजारचं शेत मात्र हिरवंच आहे. मला फार वाईट वाटलं. जैबुनबींचं मन रमावं म्हणून दुपारी त्यांच्या लाडक्या शेळीचं चित्र काढून दिलं.

१५ नोव्हेंबर

शेळी मेली. ना आजार, ना कुठं जखम. जैबुनबी तिला मांडीवर घेऊन रडल्या. कोनाची नजर लागली, मले समजून नाही राह्यलं, म्हणाल्या.

मला समजलं. मी रंगवतो ते जातं. शेत. शेळी. आणि सगळ्यात आधी —

रजनीला मीच —

१६ नोव्हेंबर

शेळीचं चित्र परत मागितलं. बादलीत बुडवून रंग धुऊन काढला. दुसरं सुचेना.

भर दुपारी शेळी खुंट्याशी उभी! जैबुनबी धावल्या, आणि थबकल्या. तिचं तोंड ओघळलेलं, ओल्या रंगासारखं. चरत नाही. ओरडत नाही. बाईंनी दार लावून घेतलं.

मी मात्र बघत राहिलो. परत आली होती ना!

१७ नोव्हेंबर

रजनीचं चित्र धुतलं. हलक्या हातानं. तरी ओठांचा रंगच आधी सुटला. पुसट तर पुसट. मला ती हवी आहे.

१८ नोव्हेंबर, दुपार

आली. चित्रातलंच हिरवं लुगडं. डोळे तिचे. कपाळ तिचं. खाली नुसतं कातडं — मीच पुसलं —

पाणी दिलं, हनुवटीवरून ओघळलं. डोळ्यांतूनही ओघळतंय. माझ्याकडे बघते, बोलायला जाते —

तिनंच कुंचला उचलून माझ्या हातात दिला.

रंगवलं तर पुन्हा जाईल. नाही रंगवलं तर अशीच —

संध्याकाळ

कागद एकच. त्यावर दोघं. बेत दोघांचाच होता.

आधी मी. झालो. बरा जमलो.

आता ती. डोळे — पदर — ओठ —

साधले! हलले. हसतेय रजनी. म्हणतेय, तुमाले —