बुधवारी घेतलेली सभा

एकुमडो,
गुरुवार, ८ ऑगस्ट १९९६

चि. अराबा हीस एकोदादाचे आशीर्वाद.

तू जाऊन सात आठवडे झाले. आधीच्या दोन पत्रांना तुझं उत्तर नाही. पण पोस्टाने ती परतही केली नाहीत, तेव्हा तुला मिळाली असणार असं धरून हे तिसरं लिहितो आहे. इकडे सगळे ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, पण तो तू असतानाही कुरकुरायचा. तारलीचा हंगाम यंदा चांगला लागला आहे, होड्या वाकून येतात. शाळेची समुद्राकडची भिंत गेल्या पौर्णिमेच्या भरतीत गेली. आता तिसरीची मुलं बाकावर बसल्या बसल्या समुद्र बघतात, आणि मास्तर म्हणतात की भूगोल शिकवणं सोपं झालं.

ताकोराडीत तू अजून त्याच खाणावळीत आहेस का? तिथली मक्याची केंकी आपल्यासारखी आंबट नसते असं ऐकतो. जेवणाची आबाळ करू नकोस.

मी लिहायला बसलो आहे ते मामे एफुआबद्दल. निवडणुकीच्या वेळी तू तिच्यासाठी घरोघर फिरलीस तेव्हा मी तुला हसलो होतो. माशांच्या टोपल्यांवरून दिवसभर भांडणारी, चौथी शिकलेली बाई जिल्हा सभेत जाऊन काय दिवे लावणार, आणि तिची पत्रं शेवटी गावसमितीचा चिटणीस म्हणून मलाच लिहावी लागणार, असं मी म्हणालो होतो. पत्रं मलाच लिहावी लागतात, तेवढं खरं निघालं. बाकी सगळं मी गिळलं आहे.

समुद्र अडवणाऱ्या बंधाऱ्याचा नकाशा जूनमध्ये आला तो तू पाहिलाच होतास. त्यावरची लाल रेघ भट्ट्यांच्या आळीच्या आतल्या बाजूने गेली होती. म्हणजे मासे धुरावर सुकवायच्या एक्केचाळीस भट्ट्या समुद्राच्या बाजूला, आणि दगड उतरवायची जागाही तिथेच. तू ते एका नजरेत ओळखलंस. बाकी गाव मात्र समितीच्या खोलीत यायचं, नकाशाकडे बघायचं, मान डोलवायचं आणि जायचं. मासेमारांचे प्रमुख नाना, त्यांनी तर तो बराच वेळ उलटा धरला होता. त्यांना सांगणार कोण?

तू गेल्यावर पुढच्याच मंगळवारी मामे एफुआने तो नकाशा भिंतीवरून काढला. मंगळवार समुद्राचा, कुणी होडी लोटत नाही, त्यामुळे सगळे पुरुष किनाऱ्यावर जाळी सांधत बसलेले. ती त्यांच्यात जाऊन म्हणाली, "जुन्या जाळ्याची दोरी द्या. मोठी द्या."

दोरी घेऊन तिने नकाशातल्या मापाने ती जमिनीवर टाकत नेली. मापं मी वाचून सांगत होतो. दोरी चर्चच्या मागून गेली, नानांच्या अंगणाला सुरक्षित आत घेऊन गेली, आणि मग वळून आळीच्या तोंडाशी आडवी पडली. तिथे दोरीपलीकडे तुमच्या भट्ट्या.

"हे काय?" नाना म्हणाले. "आमच्या बायकांच्या भट्ट्या बाहेर?"

"तीन आठवडे बाहेरच आहेत, नाना. तुम्ही रोज येऊन मान डोलवत होता."

कुणी हसलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून एकही माणूस ती दोरी ओलांडताना खाली बघितल्याशिवाय गेला नाही. पंधरा वर्षं मी या गावाचे ठराव लिहितो, अराबा. गावाला एक गोष्ट इतकी लख्ख कळलेली मी कधी पाहिली नव्हती, आणि त्यासाठी तिला एक शब्द लिहावा लागला नाही.

मग तिने जिल्ह्याच्या कार्यालयाच्या खेपा सुरू केल्या. मासळीच्या ट्रकमध्ये टोपल्यांवर बसून जायची. पहिल्या खेपेला कारकुनाने सांगितलं, उद्या या. दुसऱ्या खेपेला म्हणाला, उद्या या. तिसऱ्या खेपेला ती स्वतःचं लाकडी स्टूल घेऊन गेली, दारात मांडलं आणि म्हणाली, "उद्या म्हणजे सकाळी का दुपारी, तेवढं सांगा. त्या हिशेबाने जेवण बांधून आणलंय." तासाभरात साहेबांनी स्वतः बाहेर येऊन तिला आत नेलं. आत फाइल उघडली. फाइलमध्ये मार्च महिन्यातल्या पाहणीचा अहवाल होता, आणि त्यात आळीबद्दल लिहिलं होतं, "जागा वापरात नाही. भट्ट्या जुन्या व सोडलेल्या."

साहेब तिला म्हणाले, "बाई, हे आम्ही मनाने लिहिलेलं नाही. स्थानिक माणसाने सांगितलं. त्याने गावासमोर ते खोटं ठरवलं आणि तसं इतिवृत्त आलं, तर मी फेरपाहणी लावतो. नाहीतर दगड सप्टेंबरात येणार."

हे सगळं मला तिनेच सांगितलं. सांगताना माझ्या कपाकडे बघत होती, माझ्याकडे नाही. मी म्हटलं, "कोण असेल बरं?" ती म्हणाली, "चहा निवतोय."

पत्र इथे थांबवून मी बाहेर जाऊन आलो. आता पुढचं लिहितो.

तिने सभा बुधवारी लावली. चारशे वर्षांत या गावाची सभा मंगळवारशिवाय झाली नसेल. दवंडीवाला क्वामेना दोनदा विचारायला आला की बाईंचं काही चुकलं तर नाही ना. नाना रागावले, म्हणाले, ऐन हंगामात बुधवारी कोण येणार? तेव्हा ती म्हणाली, "नाना, मंगळवारी तुम्ही सगळे किनाऱ्यावर असता. आम्ही कुठे असतो?"

अराबा, मला पंचेचाळीस वर्षं झाली, आपली आई मंगळवारी पहाटे टोपल्या घेऊन आतल्या बाजाराला जायची, तू जायचीस, सगळी आळी जायची, कारण मंगळवारी नवा मासा नसतो आणि भट्ट्या थंड असतात. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. मला मंगळवारी कधी गरम जेवण मिळालेलं नाही. आणि तरी गावाची सगळी कामं, सह्या, मोजण्या, साहेब लोकांच्या भेटी, मी मंगळवारीच लावत आलो, कारण मंगळवारी "सगळे" घरी असतात.

मार्चमध्ये पाहणीसाठी जिल्ह्याने दोन तारखा दिल्या होत्या, मंगळवार आणि गुरुवार. मंगळवार मी निवडला.

तू जूनमध्ये मला विचारलं होतंस, "दादा, आळीबद्दल साहेबाने काही विचारलं होतं का?" मी म्हटलं, त्याने आपलं आपण लिहून घेतलं. तू म्हणालीस, "माझ्याकडे बघून सांग." मी वहीत तारीख घालत होतो, ती घालत राहिलो. तू त्या रात्री बोललीस नाही आणि शनिवारी गेलीस.

त्याने विचारलं होतं.

आता सगळं लिहितो. इंजिनिअर तरुण होता, बोलायला सभ्य, बूट चकचकीत. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. चर्च दाखवलं, शाळा दाखवली, तो सगळं नीट लिहून घेत होता आणि मला "सर" म्हणत होता. मला बरं वाटत होतं. मग आम्ही आळीत शिरलो. एकही बाई नाही, एकही भट्टी पेटलेली नाही, नुसती काळी माती, खवले आणि तो वास. आपल्या अंगाला जन्मभर आहे तोच वास. त्याने खिशातून रुमाल काढला आणि नाकाला लावला. आम्ही तेव्हा आईच्या भट्टीपाशी उभे होतो. तुझ्या भट्टीपाशी. कडेला तुझं फडकं वाळत होतं. त्याने विचारलं, "सर, इथे कोणी आहे का?"

मी म्हटलं, "कोणी नाही. जुन्या आहेत."

घाईत बोललो असं नाही. चुकून बोललो असंही नाही. त्या रुमालासमोर मला सांगवलं नाही की ही माझ्या बहिणीची भट्टी आहे आणि माझी फी, माझी पुस्तकं, हा शर्टसुद्धा याच धुरातून आला. धुराने आईची नजर गेली म्हणून मला त्या भट्ट्यांचा राग आहे, असं मी नंतर महिनाभर स्वतःला समजावलं. ते खोटं आहे. मला लाज वाटली होती, एवढंच.

काल चार वाजता सभा. बायका पहिल्यांदा पुढे बसल्या, पुरुष मागे उभे. मामे एफुआने अहवाल वाचायला घेतला. अडखळत वाचते, बोट ठेवून. अहवालात माझं नाव आणि हुद्दा स्पष्ट लिहिला आहे, मी टेबलाशी तिच्या शेजारी बसलो होतो, मला दिसत होता. ती त्या ओळीपाशी आली आणि म्हणाली, "स्थानिक माहितगाराने सांगितलं." नाव तिने गाळलं. मग कागद खाली ठेवला आणि थांबली. कुणाकडे बघितलं नाही. बाहेर होडी ओढणाऱ्यांचं गाणं चालू होतं, ते संपलं तरी ती थांबून होती.

तिला तीन आठवड्यांपासून माहीत होतं. एका शब्दात तिने मला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नसती. ठेवली. मी उठावं म्हणून ठेवली.

मी उठलो. सांगितलं.

नाना म्हणाले, "चिटणीस, बस खाली." ते मला वाचवत होते. पण याबाआजी, आपल्या शेजारच्या भट्टीची, ती बसल्या जागेवरून म्हणाली, "बसू नको. तू तापाने फणफणला होतास तेव्हा तुझ्या आईची भट्टी आठ दिवस मी राखली. मी कोणी नाही होय रे?" मागून कुणीतरी म्हणालं, "शिकवून हे झालं." तेही ऐकून घेतलं.

मामे एफुआ एवढंच म्हणाली, "एको, आत्ता बोललास ते इतिवृत्तात लिही. तूच लिही, अक्षर तुझं चांगलं आहे."

सगळी सभा बसून राहिली आणि मी लिहिलं. जे बोललो होतो ते शब्दाला शब्द. मग तिने ते सगळ्यांना वाचून दाखवलं, आणि खाली माझी सही घेतली. सभा संपल्यावर मी वही आणि शिक्का तिच्यापुढे ठेवला. शिक्का तिने घेतला. वही परत दिली, म्हणाली, "नवा माणूस मिळेपर्यंत लिहीत जा. आणि आधी बहिणीला लिही." अराबा, ज्या माणसाने तिच्या सगळ्या आळीला पुसून टाकलं त्याच्याशी ती इतक्या सरळ आवाजात बोलली. मी इतकी वर्षं साहेबांना मोठी माणसं समजत आलो. मोठं माणूस कसं असतं ते मी काल पाहिलं.

आता तुझ्या कामाचं. फेरपाहणी येत्या बुधवारी, चौदा तारखेला, सकाळी दहाला आहे. साहेबांचा नियम असा की पेटलेली भट्टी मोजायची, थंड भट्टी सोडलेली धरायची. चाळीस भट्ट्या पेटतील. एक्केचाळिसावी तुझी, आणि ती समुद्राकडची अगदी शेवटची. ती मोजली गेली तर बंधारा तिच्या बाहेरून जाईल. नाहीतर आत वळेल, आणि आईची भट्टी दगडांखाली जाईल. बायका म्हणाल्या, आम्ही पेटवतो, कुणाला कळणार आहे? मामे एफुआ नाही म्हणाली. "त्या भट्टीला मालकीण आहे. तिच्याबद्दल एकदा दुसराच कुणी बोलून गेला, तेवढं पुरे."

म्हणून हे पत्र ताकोराडीच्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतो आहे, पोस्टावर भरवसा नाही. लाकडं याबाआजीने काढून ठेवली आहेत. भट्टीच्या जाळ्या मी घासल्या, नीट जमलं नाही, तू पुन्हा घासशील. तू आलीस तर माझ्याशी बोललं पाहिजेस असं नाही. घरात मी राहत नाही, समितीच्या खोलीत झोपतो. घर तुला मोकळं आहे.

आणि आली नाहीस तर ती भट्टी मी पेटवणार नाही. ती थंडच राहील. पण त्या दिवशी मी तिच्यापाशी उभा असेन. तोच इंजिनिअर येणार आहे. तो पुन्हा विचारेल, आणि मी सांगेन की ही अराबा अन्सा हिची भट्टी आहे, तिच्या आधी तिच्या आईची होती, अराबा इथून गेली ती माझ्या बोलण्यामुळे, आणि ती माझी सख्खी बहीण आहे.

त्याने मोजली नाही तरी हे त्याला लिहून घ्यायला लावीन.

तुझा भाऊ म्हणवून घ्यायला उशिरा शिकलेला,
एको